निटुरे सरांची हत्यारं

निटुरे सर घरातून निघाले ते गळका कूलर भंगारात घालायला, आणि परत आले ते काखेत एक रंधा मारून.

कूलर गेला म्हणून शिवकन्याबाईंना खरं तर आनंद व्हायचा. तो कूलर हवा कमी आणि पाणी जास्त द्यायचा. लातूरसारख्या गावात फुकट पाणी देणाऱ्या वस्तूचाही माणसाला राग येऊ शकतो, हे त्यानं सिद्ध केलं होतं. पण रंधा बघून त्यांचा आनंद अर्ध्यावरच थांबला.

“हे काय आणलं?”

“रंधा.”

“ते दिसून राहिलं मला. कशाला आणलं?”

भंगाराच्या ढिगात तो रंधा पालथा पडला होता आणि त्याच्या पात्यावर गंजाखालून दोन-तीन इंग्रजी अक्षरं डोकावत होती, एवढंच. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांतून इतिहास शिकवलेल्या माणसाला अर्धवट अक्षरं दिसली की त्याचा पाय पुढे पडत नाही. सुतारकामाशी त्यांचा संबंध म्हणाल तर, भिंतीला खिळा ठोकायचा झाला तरी ते शेजारून माणूस बोलवत आणि ठोकून होईपर्यंत अंगणात जाऊन थांबत.

दुपारभर त्यांनी ते पातं चिंचेच्या कोळात भिजवलं. तो कोळ संध्याकाळच्या आमटीचा होता, हे संध्याकाळी कळलं. मग खोबरेल तेल आलं, शिवकन्याबाईंचा दात घासायचा ब्रश आला, आणि दिवेलागणीला सर पातं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“शेफील्ड,” ते म्हणाले. “म्हणजे इंग्लंड.” व्याही आले आहेत असं सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

“बरं. मग आमटीला चिंच कुठून आणू, तेवढं सांगा,” शिवकन्याबाई म्हणाल्या.

इथंच हे थांबलं असतं तर गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण त्या रात्री सरांना फार गाढ झोप लागली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना दुसऱ्या दिवशी काहीतरी काम होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भंगाराच्या दुकानात गेले. मग उदगीरला गेले, नांदेडच्या जुन्या बाजारात गेले, शिरूर अनंतपाळला एका लग्नाला गेले आणि अक्षता पडायच्या आत मांडवामागच्या लोहाराशी गप्पा मारून एक सांडशी घेऊन आले. घरात करवती आल्या, वाकस आले, लाकूड कोरायची किकरी आली, भोकं पाडायची गिरमिटं आली, गवंड्याचे ओळंबे आले. सगळं चिंचेच्या कोळातून निघून तेल पिऊन पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसू लागलं. प्रत्येकाला सर सुतळीनं एक चिठ्ठी बांधत: नाव, गाव, अंदाजे वय. शिवकन्याबाई म्हणत, लग्नाच्या मुलींना सुद्धा कुणी इतकं नीट मांडत नाही.

ओळख पटवायच्या कामी शेजारचे चंद्रप्पा मामा रोज हजर असत. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, कपाळाला भस्माचे पट्टे ठसठशीत, गळ्यात लिंग, आणि मताला कुठंही शंका नाही. सकाळी ‘शरणार्थ’ म्हणून आत यायचे, खुर्ची ओढायचे आणि समोर येईल त्या वस्तूकडे बघून निकाल द्यायचे.

“हे घोड्याचं हाय.”

“मामा, ही लोहाराची कानस आहे.”

“घोड्याच्या दाताची. दात वाढतेत घोड्याचे.”

सांडशी आली, ती घोड्याचा नाल काढायची ठरली. ओळंबा आला, तो घोड्याच्या गळ्यातला ठरला. सर आधी वाद घालत, नंतर त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ वाढवली: ‘मतभेद आहेत.’ इतिहासाच्या माणसाला ही सवय असतेच.

ऐरणीचा प्रकार मात्र वेगळा झाला. उदगीरला एका बंद पडलेल्या लोहारकामाच्या दुकानातून सरांना ऐरण मिळाली, आणि तिला घेऊन ते बसस्टँडवर आले. हमालानं ती बसमध्ये चढवून दिली आणि कंबर धरून निघून गेला. कंडक्टरबाईंनी ऐरणीकडे बघितलं.

“लगेज लागंल.”

“लावा की.”

“वजन किती हाय?”

वजन कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक धोतरवाला म्हणाला, एका माणसाएवढं तरी असंल, तर एक तिकीट फाडा अन् मोकळं व्हा. त्यावर खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मुद्दा काढला की ऐरण ही ‘ती’ ऐरण असते, आणि एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे. ह्यावर अर्धी बस एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला झाली. सर मराठीचेही तास घेत असत. त्यांनी व्याकरणाच्या बाजूनं मत दिलं, आणि ते द्यायला नको होतं, कारण कंडक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, “आधार कार्ड हाय का तिचं?”

नळेगावच्या पुढच्या गतिरोधकावर ऐरण जागची हलली आणि एका माणसाच्या भाजीच्या पिशवीवर जाऊन बसली. त्या पिशवीतली वांगी सरांनी भरून दिली. लातूर येईपर्यंत ते ऐरणीवर पाय ठेवून, कुणाकडेही न बघता, ताठ बसून होते. अख्ख्या तालुक्यात ज्यांना उभं राहून नमस्कार मिळत असे, त्या माणसाला बसमधल्या एका लहानग्यानं त्या दिवशी “लोहार काका” म्हणून हाक मारली.

त्याच फेरीत ऐरणीबरोबर आणखी एक वस्तू घरी आली. पितळेची, उपड्या बादलीसारखी, वर जरा निमुळती, दोन्ही बाजूंना दोन दांडे. तिच्या आत तसलीच दुसरी घट्ट अडकून बसलेली. ओढली तरी निघेना, ठोकली तरी निघेना. सरांनी ती रात्रभर चिंचेत बुडवून ठेवली. सकाळी ती सोन्यासारखी लखलखली, पण सुटली नाही. उलट हलवली की आतून खुळखुळ आवाज येऊ लागला. सरांनी पुस्तकं धुंडाळली, मोबाइलवर शोधलं, नांदेडच्या जुन्या बाजारात फोटो दाखवला. कुणी कळस म्हणालं, कुणी घंटा, कुणी धान्याचं माप. चंद्रप्पा मामांचा नेमका तेव्हाच डोळ्याचा इलाज चालू होता, म्हणून त्यांचं मत राहून गेलं. चिठ्ठीवर सरांनी लिहिलं: ‘अज्ञात.’ आणि ती वस्तू सगळ्यांच्या मधोमध मांडली.

आता विकायचं. कारण सगळं हे विकण्यासाठीच चाललं होतं, असं सर शिवकन्याबाईंना पहिल्या दिवसापासून सांगत आले होते.

पहिलं गिऱ्हाईक औसा रोडवरचा एक सुतार. त्याला तो शेफील्डचा रंधा आवडला. सरांनी त्याला बसवलं, चहा दिला, इंग्लंडातल्या पोलादापासून सुरुवात केली आणि शेवटी विचारलं, “तुम्ही ह्याचं काय करणार?”

“लाकूड रंधणार.”

सरांचा चेहरा उतरला. “म्हणजे झिजवणार.”

“रंधा हाय सर. दुसरं काय करू त्याचं?”

सर म्हणाले, विचार करून कळवतो.

दुसरं गिऱ्हाईक एक तरुण, शिकवणीच्या गल्लीत कॅफे काढणारा. त्याला भिंतीवर टांगायला जुन्या करवती हव्या होत्या. सर म्हणाले, करवत ही लाकूड कापायला असते, भिंतीवर टांगून तिचा अपमान होतो. तो बिचारा चहासुद्धा अर्धा टाकून गेला.

“वापरणाऱ्याला द्यायचं न्हाई, न वापरणाऱ्याला द्यायचं न्हाई,” शिवकन्याबाई म्हणाल्या. “मग तिसऱ्या जातीचं गिऱ्हाईक कुठं मिळतंय ते मला दाखवा.”

त्यांना घाई होती आणि तिला कारण होतं. लातुरात ज्याच्याकडे जादा खोली असते, त्याच्याकडे डॉक्टर व्हायला निघालेलं कुणाचंतरी लेकरू राहतं. पुढची खोली दरवर्षी अशीच लागायची. शिवकन्याबाईंना भाड्याइतकंच त्या मुलींचं घरात असणं हवं असायचं. त्यांचा मुलगा-सून पुण्यात, आणि सर घरात असून वर्तमानपत्रात. सकाळी कुणीतरी “काकू, डबा झाला का?” म्हणून विचारलं की त्यांचा दिवस चालू व्हायचा. यंदा त्या खोलीत ऐरण राहत होती.

“रविवारी अर्धापूरचे पाहुणे खोली बघायला येणार हायत,” त्यांनी सांगून टाकलं. “केळीवाले हायत. पोरगी हुशार हाय म्हणे. रविवारी त्या खोलीत एक तर ती पोरगी राहील न्हाई तर तुमचं सामान. माझं काय, मी उदगीरला भावाकडं जाऊन राहते.”

त्या हे जोरात बोलल्या नाहीत, म्हणून सर घाबरले. त्यांनी ठरवलं, आता जाहिरात करायची.

त्यांनी मजकूर फार काळजीपूर्वक लिहिला. ‘अवजारे’ हा शब्द त्यांनी खोडला. अवजारे म्हटलं की लोकांना नांगर-वखर आठवतो. सुतार-लोहार ज्याला हत्यार म्हणतात त्याला हत्यारच म्हणायचं. फ्लेक्सवाल्यानं मजकूर वाचला, खाली बरीच जागा उरली म्हणाला, आणखी काय टाकू? सर म्हणाले, धार लावून देऊ म्हणावं. आणखी? घरपोच टाका. मग फोटो पाहिजे म्हणाला, त्याशिवाय फ्लेक्स उघडा दिसतो. सरांच्या मोबाइलमध्ये पुतण्याच्या लग्नातला एकच बरा फोटो होता, फेटा आणि काळा चष्मा घातलेला. फ्लेक्सवाल्यानं शेजारी आपल्याकडून एक वाघ टाकला, कारण रिकामी जागा त्याच्यानं बघवत नसे.

शनिवारी संध्याकाळी फ्लेक्स फाटकावर लागला. सगळ्या कॉलनीला वाचता येईल एवढा:

‘निटुरे सर हत्यार भांडार. सर्व प्रकारची जुनी हत्यारे योग्य भावात मिळतील. धार लावून. घरपोच.’

लोकसभेची आचारसंहिता लागून आठवडाच झाला होता.

रविवारी सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि बजरंग नावाचा हवालदार उतरला. सातवीत तो सरांच्या वर्गात होता. त्यामुळे आधी त्यानं टोपी काढून पाया पडून घेतलं आणि मग टोपी घालून म्हणाला, “सर, साहेबांनी बोलवलंय. सामानासगट.”

“कशाबद्दल?”

बजरंगनं फ्लेक्सकडे बोट केलं. “सर, ते ‘घरपोच’ तरी लिहायचं न्हाई.”

सरांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते लाल झाले. हत्यार शब्दाचे दोन अर्थ, संदर्भ कसा बघायचा, हे ते सांगू लागले. बजरंग वर्गात ऐकायचा तसा हात मागे बांधून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “बरोबर हाय सर. हेच साहेबांना सांगा.”

अर्धापूरचे पाहुणे नेमके तेव्हाच आले. साखराबाई नावाच्या ठसठशीत बाई, डोक्यावर पदर, आणि त्यांची लेक लुंबिनी, हातात केळीची भलीमोठी फणी. फाटकात पोलीस, वर वाघाशेजारी काळ्या चष्म्यातले घरमालक, आणि खाली दोन हमाल बजरंगनं मागवलेल्या टेम्पोत करवती भरताहेत, असं दृश्य त्यांनी पाहिलं.

“आम्ही मग येतो,” साखराबाई म्हणाल्या.

“मग कशाला, आताच या,” शिवकन्याबाई म्हणाल्या. त्यांनी पायात चप्पल सरकवली. “आधी ह्यांना सोडवून आणू. खोली तोवर रिकामीच हाय.”

अशा रीतीनं टेम्पोत ऐरण, पुढे ड्रायव्हरशेजारी सर, आणि मागून ऑटोत शिवकन्याबाई, साखराबाई, लुंबिनी, केळी आणि चंद्रप्पा मामा अशी सगळी वरात पोलीस ठाण्यात पोचली. मामांना कुणी बोलवलं नव्हतं. “पंच लागतेत पंचनाम्याला,” एवढंच ते म्हणाले.

साहेब रात्रपाळीच्या बंदोबस्तावरून आले होते आणि त्यांचे डोळे तांबारले होते. माणूस सभ्य होता. त्यांनी सरांना खुर्ची दिली, म्हणाले, तुम्ही काही गुंड नाही हे मला दिसतंय, पण फ्लेक्सचा फोटो वरपर्यंत गेलाय. आता एकेक वस्तू लिहून घ्यावी लागेल. नाव काय, काम काय, आणि त्यानं माणसाला इजा होऊ शकते का.

जन्मभर सरांनी खरं बोलायला शिकवलं होतं. तेच आता नडलं.

“वाकस. लाकूड तासायचा,” सर म्हणाले.

“इजा?”

“होऊ शकते.”

“करवत?”

“होऊ शकते.”

“हा ओळंबा. ह्यानं तर काय होणार न्हाई?” बजरंग मदतीच्या सुरात म्हणाला.

सरांनी विचार केला. “वरून पडला तर होऊ शकते.”

शिवकन्याबाईंनी कपाळाला हात लावला. चंद्रप्पा मामा पंच म्हणून शेजारी बसले होते आणि प्रत्येक नोंदीत भर घालत होते. सांडशीपाशी बजरंगनं त्यांच्या सांगण्यावरून ‘घोडा’ असं लिहिलंसुद्धा. साहेबांनी कागद ओढून बघितला.

“एवढे घोडे लातुरात कुठायत?”

“आता न्हाईत. गेले,” मामा म्हणाले.

शेवटी टेबलावर ती पितळेची वस्तू आली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती झळाळत होती.

“हे काय?”

“अज्ञात,” सर म्हणाले.

“अज्ञात म्हणजे?”

“मला माहीत नाही. पुराव्याशिवाय मी नाव देणार नाही.”

साहेबांनी ती उचलली. ती जड होती. त्यांनी ती हलवली. आतून खुळखुळ आवाज आला. साहेबांनी ती टेबलावर ठेवली, अगदी सावकाश, झोपलेलं मूल ठेवावं तशी, आणि एक पाऊल मागे सरकले. बजरंग दोन सरकला. “उदगीरच्या किल्ल्याकडून आलीय?” साहेबांनी विचारलं. सर म्हणाले, उदगीरहून आलीय एवढं नक्की. पुढे, तोफगोळ्यांच्या काळात असा पितळी घाट वापरत की नाही, हे तपासावं लागेल, असंही ते म्हणाले. हे वाक्य म्हणायची काही गरज नव्हती.

ठाणं रिकामं झालं. लातूरचं बॉम्बशोधक पथक कुठल्याशा सभेच्या बंदोबस्ताला गेलेलं, म्हणून नांदेडला फोन गेला. दुपार टळेपर्यंत अर्ज द्यायला आलेली माणसं, दोन वकील, होमगार्ड, सगळे रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहिले. साखराबाईंनी फणी सोडून सगळ्यांना केळी वाटली. सर मात्र केळं हातात धरून नुसते उभे होते.

“मी त्यांना खरं तेच सांगितलं,” ते बायकोला म्हणाले.

“हाव. तेच तर,” शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी केळं सोलून त्यांच्या हातात दिलं.

नांदेडचं पथक आलं. प्रमुख होते भीमाशंकर नावाचे जमादार, उंचपुरे, मिशीवाले, आणि बरोबर राणी नावाची कुत्री. राणी आत गेली. करवती हुंगून झाल्या, ऐरण हुंगून झाली, पितळेच्या वस्तूकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. मग ती कोपऱ्यात गेली आणि पाण्याच्या माठाशेजारी शांत बसली. कुत्री बसली म्हणजे काहीतरी सापडलं, हे खिडकीतून बघणाऱ्या बजरंगला माहीत होतं. त्यानं तसं ओरडून सांगितलं, आणि लिंबाखालची माणसं आणखी एक लिंब मागे गेली. भीमाशंकरांनी माठ तपासला, माठाखालची वाळू तपासली. शेवटी ते राणीला म्हणाले, “ऊठ बरं.” राणी उठली नाही. तिनं पोट गार फरशीला टेकवलं आणि डोळे मिटले. नांदेडपासून ती उन्हात गाडीत बसून आली होती, आणि अख्ख्या ठाण्यात तेवढी एकच जागा थंड होती.

मग भीमाशंकरांनीच वस्तू बाहेर आणली, ठाण्यासमोरच्या पारावर ठेवली, दोन्ही दांडे धरून एक पीळ दिला. टक्कन आवाज झाला आणि आतली वेगळी झाली. आतून पारावर काहीतरी पडलं आणि घरंगळलं.

तो चिंचोका होता.

कुणी हसायच्या आत चंद्रप्पा मामा पुढे आले. त्यांनी एक भाग डाव्या हातात घेतला, एक उजव्या, आणि दोन्ही एकमेकांवर बसवून पुन्हा वेगळे केले. सर मनात म्हणाले, आता घोडा येणार.

“रुमी टोपीचा साचा हाय हा,” मामा म्हणाले. “लाल टोपी, वर काळा गोंडा. निजामाच्या कचेरीतले लोक घालायचे. आमचे वडील कचेरीत कारकून होते. टोपी ओली करून ह्याच्यावर चढवायची. हे वरचं निखाऱ्यावर तापवायचं, अन् दाबायचं. वाफ निघायची भसकन. बाजारात एक दुकान होतं त्याचं.”

सगळे लिंबाखालून जवळ आले होते. राणीसुद्धा दारात येऊन बसली होती.

“वडील लई कडक. टोपीला हात लावू द्यायचे न्हाईत कुणाला. पर इस्त्रीला न्यायची म्हणली की मलाच द्यायचे. दोन्ही हातांवर धरून, अशी.” मामांनी तळहात पुढे केले. “अख्ख्या बाजारातून मी तशी चालायचो. लोक मलाच सलाम करून राहिलेत असं वाटायचं.”

निटुरे सरांनी खिशातून पेन काढला, साच्याला बांधलेली चिठ्ठी उलटी केली, ‘अज्ञात’वर रेघ मारली आणि मामांनी सांगितलेलं नाव लिहिलं. खाली लिहिलं: ‘मतभेद नाहीत.’

साहेबांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. “सर, हे सगळं आत्ताच्या आत्ता इथून न्या. फ्लेक्स उतरवा. माझ्याकडून विषय संपला.”

पण टेम्पोवाला सकाळीच निघून गेला होता. सामान आतून आणून पाराभोवती पसरलेलं, आणि भीमाशंकर त्यातलं एक गिरमिट हातात घेऊन निरखत होते. घरी पाट-चौरंग करायचा त्यांना नाद होता. त्यांनी हळूच विचारलं, “सर, हे देता का?”

सरांनी घसा साफ केला. “ह्याची गंमत अशी आहे की साधारण शंभर वर्षांपूर्वी...”

“अहो,” शिवकन्याबाई म्हणाल्या, “ह्या साहेबांसाठी पाणी आणा बरं माठातलं.”

सर पाणी घेऊन परत आले तोवर गिरमिट विकलं गेलं होतं. भीमाशंकर रंधा बघत होते. ठाण्याचं दार पावसाळ्यापासून चौकटीत अडकत होतं. त्यांनी ते तिथल्या तिथं उतरवलं, पारावर आडवं ठेवलं आणि त्या शेफील्डच्या रंध्यानं कडेवरून दोन हात फिरवले. कागदासारखी पातळ, लांबच लांब कोवळी साल निघून पारावर वेटोळं होऊन पडली. रंधा सर्रर्र वाजला. सरांनी तो रंधा महिनाभर पुसला होता, तेल पाजलं होतं, पण त्याचा आवाज त्यांनी आजवर ऐकलाच नव्हता. त्यांनी ती साल उचलली, नाकाशी नेली आणि कुणाला दिसणार नाही अशी शर्टाच्या खिशात ठेवली.

“घेऊन जा,” ते भीमाशंकरांना म्हणाले. “झिजवा.”

मग गर्दी झाली. होमगार्डांनी पकडी घेतल्या, एका वकिलानं वाकस घेतला, तो कशाला ते त्यालाही सांगता आलं नाही. ऐरण बजरंगनं घेतली, त्याच्या सासऱ्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. शिवकन्याबाई पाराच्या कडेला बसून होत्या आणि गिऱ्हाईक म्हणेल तो भाव ऐकून फक्त एकदा “बघा की” म्हणत होत्या. दुसऱ्यांदा म्हणायची पाळी क्वचितच आली. सकाळी ज्या मुलीला खोली दाखवायची होती, ती लुंबिनी त्यांच्या शेजारी बसून चिठ्ठ्या वाचून दाखवत होती.

साखराबाई हे सगळं बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आमची पोरगी इथंच राहील. पोलीस तुमच्या पाया पडतेत, जेवायखायला बघणारं माणूस चांगलं हाय, अन् घरचा माणूस खोटं बोलतच न्हाई. अजून काय बघायचं?”

“खोली तरी बघा,” सर म्हणाले.

“बघू की. असंल तिथंच.”

साचा कुणी मागितला नाही, कारण तो मामांच्या मांडीवर होता. मामांनी बंडीच्या खिशात हात घातला. सरांनी तो हात तिथंच धरला आणि शिवकन्याबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. एवढ्या एका वस्तूचा भाव त्या दिवशी कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितला नाही.

पुढचा आठवडा सरांना फार रिकामा गेला. पुढच्या खोलीत लुंबिनीची पुस्तकं आली, टेबलफॅन आला, सकाळी डब्याची विचारणा सुरू झाली. सर वर्तमानपत्र उघडत आणि पान न उलटता घडी घालत. गेलेल्या हत्यारांबद्दल त्यांना वाईट वाटत होतं असं नाही. त्यांना तो रंध्याचा आवाज आठवत होता.

रविवारी पहाटे शिवकन्याबाईंनी त्यांना हलवलं. त्या साडी नेसून तयार होत्या, हातात दोन मोठ्या पिशव्या.

“उठा. नांदेडची पहिली गाडी गाठायचीय.”

“नांदेडला कशाला?”

“बाजाराला. न्हाणीघरामागची पडवी झाडून घेतलीय मी, माल तिथं मावतो. पर आता नीट ऐका. तुम्ही फक्त ओळखायचं. बोलायचं मी.”

नांदेडच्या जुन्या बाजारात ऊन चढायच्या आत ते दोघं पोचले. सर सवयीनं पहिल्या ढिगाशी वाकले, चष्मा नाकावर सरकवला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की बायको शेजारी नाही. ती चार ढीग पुढे गेली होती, गुडघ्यावर बसली होती, आणि तुटक्या सायकलींच्या खालून काहीतरी लांबट, वाकडं, गंजलेलं दोन्ही हातांनी ओढून काढत होती. निघालं तशी तिनं ते पदरानं पुसलं, उजेडात धरून उलटंपालटं केलं.

“हे काय हाय, मला काय माहीत न्हाई,” ती दुकानदाराला नव्हे, नवऱ्याला म्हणाली. “पर घ्यायचं.”

सरांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.